वहीचं कव्हर दोनदा: एकदा दोन सुयांनी, एकदा मशीनवर

ए-फाइव्ह वहीचं चामड्याचं कव्हर हा दोन्ही शिलाया शेजारीशेजारी ठेवून बघायला चांगला नमुना. शिवण लांब असते, चार कोपरे असतात, मध्येच जाडी बदलते, आणि वस्तू रोज पिशवीत आत-बाहेर होत असल्यामुळे शिवण कुठे हार मानते तेही काही महिन्यांत कळतं. म्हणून एकाच कातड्यातून एकाच मापाची दोन कव्हरं कापली. एक हाताने शिवलं, दुसरं मशीनवर.

मापं अशी. बाहेरचा तुकडा ३२५ बाय २२४ मिमी, व्हेज टॅन (झाडांच्या सालीसारख्या वनस्पतींनी कमावलेलं चामडं), १.६ मिमी जाड. आत वहीचे पुठ्ठे सरकवायला दोन पट्ट्या, प्रत्येकी ७० मिमी रुंद, १ मिमी जाड. शिवण कडेपासून ३ मिमी आत, चारही बाजूंनी. म्हणजे लांब बाजूची रेषा ३१९ मिमी, आखूड बाजूची २१८, एकूण १०७४. यातल्या वरच्या-खालच्या मधल्या १८५-१८५ मिमीमध्ये आत पट्टी नाही, तिथे शिवण एकेरी चामड्यावरून जाते. तिथे ती फक्त दिसण्यासाठी आहे, पण मशीनची सगळ्यात जास्त कटकट तिथेच होते. त्याबद्दल पुढे.

शिवायला बसण्याआधीचं काम दोन्ही कव्हरांना सारखंच. मशीन घेतली की सगळं पटकन होईल, असं वाटणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. कापणं, पट्ट्यांच्या आतल्या कडा आधीच घासून गुळगुळीत करणं (एकदा शिवल्या की तिथे हात पोचत नाही), पट्टीची आतली कड जिथे शिवणीखालून जाणार तिथे ती रापीने, म्हणजे चामडं तासायच्या सुरीने, तासून अर्धा मिमीवर आणणं, चिकटवणं. तासायचा भाग छोटा, दहा मिमीचा उतार पुरतो, पण चार ठिकाणी. रापीला धार नसेल तर १ मिमीचं चामडं तासलं जात नाही, फाटतं. चामड्याच्या तुकड्यावर पॉलिशिंग पेस्ट लावून रापी आठ-दहा वेळा ओढली आणि कागद न अडखळता कापला गेला, तरच हात लावायचा.

चिकटवायला रबर सोल्यूशन. दोन्ही बाजूंना पातळ थर, कडेपासून फक्त ६ मिमी रुंद. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. बोट टेकवल्यावर चिकटत नाही असं झालं की जोडायचं आणि हातोडीच्या गुळगुळीत तोंडाने हलकं ठोकायचं. ओलं असताना जोडलं की पट्टी सरकते, आणि शिवताना सुईला चीक लागून दोरा अडकतो. व्हेज टॅनची दाण्याची, म्हणजे वरची गुळगुळीत बाजू चिकटवायची असेल, तर तेवढ्या पट्ट्यात ती सँडपेपरने खरवडून घ्यावी लागते. मग १८० आणि ४०० नंबरच्या सँडपेपरने बाहेरच्या कडा एकसारख्या करायच्या. शिवणरेषा कडेवरूनच मोजायची असल्याने कड वाकडी म्हणजे शिवण वाकडी. एवढं होईपर्यंत प्रत्येक कव्हराला पावणेदोन तास गेले.

आता हाताचं कव्हर.

कंपासासारख्या विंग डिव्हायडरने ३ मिमीवर रेघ ओढली. भोकं पाडायला ३.८५ मिमी अंतराची, सहा दातांची चिझल, म्हणजे ठोकून एकदम ओळीने भोकं पाडणारं अवजार. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याला कारण आहे. फ्रेंच अवजारांचे नंबर जुन्या फ्रेंच इंचात किती दात बसतात त्यावरून पडले, आणि तो इंच २७.०७ मिमीचा होता. सात दात म्हणजे ३.८७ मिमी, आठ म्हणजे ३.३८, नऊ म्हणजे ३. बाजारात ३.८५ आणि ३.३८ अशी मापं दिसतात ती तिथून आली.

३१९ ला ३.८५ ने भागलं की ८२.९ येतं. ८३ टाके धरले तर प्रत्येक टाका ३.८४ चा; फरक डोळ्याला दिसत नाही. आखूड बाजूला २१८ मध्ये ५७ टाके. एकूण २८०. हे गणित ठोकण्याआधी करायचं. नाही केलं तर कोपऱ्याजवळ शेवटचा टाका दीड मिमीचा येतो, आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. प्रत्यक्षात कोपऱ्याचं भोक आधी आरीने टोचून पक्कं करायचं आणि कोपऱ्यापासून शेवटची सात-आठ भोकं दोन दातांच्या चिझलने, केसभर कमी-जास्त करत पाडायची.

चिझलचा पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात बसवतात, म्हणून एका जागी नवी भोकं पाचच पडतात. २८० भोकांना ५६ जागा, प्रत्येक जागी दोन ते तीन ठोके. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे संध्याकाळी सातच्या आत उरकावं. खाली ग्रॅनाइटचा तुकडा, त्यावर जाड नायलॉनचा कापायचा बोर्ड, आणि हे सगळं टेबलाच्या बरोब्बर पायावर ठेवलं तर आवाज निम्मा होतो. मारायला लोखंडी हातोडी नको, चिझलचं डोकं पसरतं. प्लास्टिकची किंवा लाकडी मोगरी हवी.

इथली नेहमीची चूक म्हणजे चिझल तिरपी धरणं. समोरून रेघ सरळ दिसते आणि मागे भोकं कडेकडे किंवा आत सरकलेली असतात. बसून ठोकताना मनगट आपल्याकडे झुकतं, त्यामुळे मागची रेघ साधारण एकाच दिशेला जाते. उभं राहून, चिझलकडे बाजूने बघत ठोकलं की हे थांबतं. दातांना अधूनमधून मेण लावायचं, नाहीतर चिझल चामड्यात रुतते. मग ती हलवून काढण्याच्या नादात भोकं फाकतात.

दोरा ०.८ मिमीचा, मेण लावलेला पॉलिएस्टर. ३.८५ अंतराला ०.८ बरोबर बसतो. ३ मिमी अंतराला ०.६ लागतो. दोरा जाड झाला की टाके एकमेकांना खेटून मण्यांच्या माळेसारखे दिसतात, बारीक झाला की भोकं उघडी पडतात.

दोरा किती घ्यायचा याचा "शिवणीच्या चौपट" हा तोंडपाठ नियम आहे. तो कुठे चालतो आणि कुठे नाही हे समजायला एक सोपं सूत्र पुरतं: टाक्याची लांबी अधिक जाडी, गुणिले दोन, भागिले टाक्याची लांबी. २.६ मिमी जाडीला ते ३.३५ येतं, एकेरी १.६ ला २.८. म्हणून या कव्हराला चौपट भरपूर झालं. पण ५ मिमी जाडीच्या दुहेरी कमरपट्ट्याला हेच ४.६ येतं. तिथे चौपट दोरा घेतलेला माणूस बक्कलपासून वीतभर अंतरावर अडकतो. १०७४ मिमीच्या शिवणीला साधारण ४.४ मीटर दोरा, पण एकसंध नको. प्रत्येक टाक्याला तेवढा दोरा भोकातून ओढला जातो, मेण उतरतं, दोरा पिंजतो, आणि हात लांब करूनही ओढ संपत नाही. २.२ मीटरचे दोन तुकडे केले.

सुया बोथट टोकाच्या, हार्नेस सुया, चार नंबर. टोक बोथट असायलाच हवं. भोक आधीच पाडलेलं आहे, सुईने फक्त दोरा पलीकडे न्यायचा आहे. टोकदार सुई पहिल्या दोऱ्यातूनच घुसते.

कव्हर स्टिचिंग पोनीत, म्हणजे चामडं पकडून ठेवणाऱ्या लाकडी चिमट्यात, धरलं, दर्शनी बाजू उजवीकडे, शिवण आपल्या दिशेने येणारी. सुरुवात खालच्या कडेला, आत पट्टी आहे अशा भागात, कारण तिथे दोऱ्याचं टोक लपतं. पहिल्या भोकातून दोरा घालून दोन्ही सुया समान लांबीवर आणल्या, दोन टाके मागे घेतले आणि मग पुढे.

एक टाका असा पडतो. डावी सुई भोकातून उजवीकडे. उजव्या हातातली सुई तिच्याखाली आडवी धरून दोन्ही एकदम ओढायच्या, म्हणजे हात बदलावा लागत नाही. बाहेर आलेला दोरा किंचित मागे ताणून ठेवायचा आणि उजवी सुई त्याच भोकात, दोऱ्याला न टोचता घालायची. डाव्या बाजूला सुईचं टोक डोकावलं की डावीकडच्या दोऱ्याचा एक वेढा त्या टोकावरून टाकायचा, मग सुई ओढायची, आणि दोन्ही दोरे एकाच वेळी, सारख्या जोराने ताणायचे. हा वेढा प्रत्येक टाक्याला टाकला तर मागच्या बाजूचे टाकेही पुढच्यासारखे तिरपे दिसतात. टाकला नाही तर मागची बाजू सपाट येते. दोन्ही चालतं, पण कधी टाकला, कधी विसरला, तर मागची ओळ दात पडल्यासारखी दिसते. फोन वाजला की हातातला टाका पुरा करूनच उठायचं, एवढाच इलाज.

दुसरी सुई पहिल्या दोऱ्यातून गेली की नाही हे ओढल्यावर कळतं: एक दोरा ओढला की दुसराही सोबत सरकतो. अशा वेळी जोर लावायचा नाही. सुई उलटी मागे घ्यायची, जमत नसेल तर सुई काढून दोऱ्याचं टोक बाहेर ओढायचं.

ताण किती? चामडं दबून टाका किंचित खाली बसेल इतकाच. नवशिक्यांचा हात बहुधा जड असतो. १ मिमीच्या पट्टीवर जास्त ओढलं की दोन भोकांमधली जागा चुरगळते आणि कड लाटेसारखी होते. जाडीच्या पायरीवर, म्हणजे पट्टी संपते तिथे, एक टाका दुहेरी घातला. पट्टीची कड उचकटायला सुरुवात तिथूनच होते.

वेग मिनिटाला पाच टाके. २८० टाक्यांना ५६ मिनिटं, शिवाय दोरा बदलणं, नवा दोरा तीन भोकं मागून सुरू करणं, मान मोकळी करणं. सव्वा तास झाला. करंगळीच्या पेरावर दोरा रुततो, तिथे कापडी चिकटपट्टी गुंडाळलेली बरी. शेवटी दोन टाके मागे, दोरे आतल्या बाजूला काढून दीड मिमी ठेवून कापले, लायटरने वितळवून चमच्याच्या पाठीने दाबले. हे पॉलिएस्टर किंवा नायलॉनचंच. लिननचा दोरा वितळत नाही, जळतो. त्याला गोंदाचा थेंब.

मशीनचं कव्हर शिवलं ते कंपाउंड फीडच्या मशीनवर: सुई, आतला फूट आणि खालचे दाते तिघे मिळून चामडं पुढे नेतात, बाहेरचा फूट आळीपाळीने दाबून धरतो. ज्युकीची १५४१ याच जातीची. घरातल्या काळ्या शिलाई मशीनवर हे कव्हर शिवायला जाऊ नये. ती फक्त खालच्या दात्यांनी ओढते. वरचा फूट चामड्याला चिकटून बसतो, वरचा थर मागे राहतो, आणि २.६ मिमी व्हेज टॅनमधून सुई खाली गेली तरी वर येताना चामडं सोबत उचलते. त्या मशीनवर मऊ क्रोम टॅनचे (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचे) एकेक मिमीचे दोन थर, ४० तिकिटाचा दोरा (तिकीट म्हणजे दोऱ्याच्या जाडीचा नंबर) आणि चामड्याची १८ नंबर सुई, एवढं नीट होतं. तेही टेफ्लॉनचा फूट लावून किंवा वर बटर पेपरची पट्टी ठेवून, आणि पायडलपेक्षा हातचाकावर. छोटी पाकिटं, चष्म्याची घरं तिच्यावर छान होतात.

इथे दोरा बॉन्डेड नायलॉन (पीळ सुटू नये म्हणून वरून थर दिलेला), टेक्स १३५; टेक्स हेही दोऱ्याच्या जाडीचं माप. दुकानात तोच १३८ नंबर म्हणून किंवा २० तिकीट म्हणून मिळतो; तिकिटाचा आकडा उलटा चालतो, वाढला की दोरा बारीक. सुई २२ नंबर, म्हणजे १४०, आणि १.४ मिमी जाड. टोक एलआर, जे चामड्यात तिरपी चीर पाडतं, त्यामुळे टाका किंचित कलतो आणि हातशिलाईच्या थोडा जवळ जातो. कापडाची गोल टोकाची सुई चामड्यात घालू नये. ती चीर पाडत नाही, तंतू बाजूला रेटते. मग सुई जड जाते आणि टाके सुटतात. टाक्याची लांबी ४ मिमी. ती आणखी कमी केली तर चिरांमधलं चामडं फार कमी उरतं आणि शिवण टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाटायला सोपी होते.

बॉबिन भरून घेतली, त्यातही टेक्स १३५. गंमत म्हणजे दोरा एकूण हातशिलाईइतकाच लागतो. वरचा दोरा अर्ध्या जाडीपर्यंत खाली जाऊन वर येतो, बॉबिनचा अर्ध्यापर्यंत वर जाऊन खाली, बेरीज तीच. फरक एवढाच, की हाताने शिवताना दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून आरपार जातात, आणि मशीनमध्ये ते भोकाच्या पोटात एकमेकांना आकडा घालून आपापल्या बाजूला परततात.

तो आकडा जाडीच्या मधोमध बसवायचा यालाच टेन्शन लावणं म्हणतात. त्याच चामड्याच्या, त्याच दोन जाड्यांच्या तुकड्यांवर आधी बघायचं. खालच्या बाजूला ठिपके किंवा सैल फासे दिसले तर वरचं टेन्शन कमी आहे, किंवा, जे जास्त वेळा घडतं, दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नाही. वरच्या बाजूला ठिपके दिसले तर वरचं जास्त आहे. २.६ मिमीवर बरोबर बसलेलं टेन्शन १.६ वर गेल्यावर बिघडतं: लपवायला जागाच कमी आणि दोन जाड दोऱ्यांचा आकडा मोठा. तीन-चार तुकडे वाया घालवून जे टेन्शन मिळालं ते दोन्हीकडे "चालेल" असं होतं. एकेरी भागात मागून निरखलं तर ठिपके दिसतातच. पूर्ण लपवायचे असतील तर ४० तिकिटाचा बारीक दोरा घ्यावा, नाहीतर मधल्या भागाला अस्तर लावून जाडी सारखी करावी. दुसरा उपाय जास्त चांगला.

सुई बदलणं, दोरा ओवणं, बॉबिन, नमुने, यात पंचवीस मिनिटं गेली.

शिवताना दर्शनी बाजू वर. सुई शिरते ती बाजू नेहमी जास्त स्वच्छ येते. सुई बाहेर पडते तिथे भोकाला बारीक ओठ फुटतो. पहिले तीन टाके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची. सोडली तर खाली घरटं होतं, आणि चामड्यात ते उसवून पुन्हा शिवता येत नाही. कापडावर चुकलेली टीप उसवली की खूण दोन धुण्यांत जाते. चामड्यात प्रत्येक भोक कायमचं. मशीन तीन सेकंदांत रेघेबाहेर गेली की ते पावणेदोन तासांचं कव्हर भंगारात. याच कारणासाठी सतत फिरणारी जुनी क्लच मोटर काढून सर्वो मोटर लावतात: पाय हलका ठेवला की ती एकेक टाका टाकते.

कोपरा. कोपऱ्याच्या आधी पाच टाके उरले की पायडल सोडून हातचाकावर यायचं. शेवटचा टाका कोपऱ्याच्या खुणेवर पडत नसेल तर रिव्हर्सची दांडी अर्धवट दाबली की टाका आखूड होतो. कमी-जास्त तीन टाक्यांत वाटून टाकायचं. वळवताना सुई चामड्यात खाली असायला हवी, हे सगळे सांगतात. पण सुई अगदी तळाशी असताना वळवलं तर तो टाका हमखास सुटतो. तळ गाठून सुई किंचित वर यायला लागली, म्हणजे शटलच्या टोकाने फासा पकडला, की मग फूट उचलून वळवायचं.

जाडीची पायरी इथे खालच्या बाजूला येते. दुहेरीतून एकेरीत उतरताना फारसा त्रास नाही. एकेरीतून दुहेरीत चढताना पट्टीची कड खालच्या पत्र्याला अडते, चामडं क्षणभर थबकतं आणि त्या जागी अडीच मिमीचे दोन टाके पडतात. कड तासून अर्धा मिमी केली होती तरी एका ठिकाणी हे झालंच. त्या जागी बोटांनी चामडं हलकं पुढे न्यायचं, ओढायचं नाही. ओढलं की सुई वाकून खालच्या पत्र्यावर आपटते.

शेवट सुरुवातीच्या टाक्यांवर तीन टाके चढवून केला, त्याच भोकांत. इथे पायडल नकोच, हातचाक. नवी भोकं जुन्यांच्या मधे पडली तर तिथलं चामडं सुट्टं होतं. वरच्या दोऱ्याचं टोक सुईने मागे काढलं, दोन्ही टोकं वितळवून दाबली.

शिवण सात मिनिटांत झाली. मग फुटाच्या खुणा. व्हेज टॅन कणकेसारखं असतं, दाबेल तसा ठसा घेतं. बाहेरच्या फुटाने कडेच्या समांतर फिकट रेघ उमटवली होती. गुळगुळीत तळाचा फूट लावावा, दातेरी नको, आणि फुटाचा दाब चामडं सरकणार नाही इतपतच ठेवावा. उमटलेल्या खुणा ओलसर स्पंज फिरवून हाडाच्या पट्टीने घासल्या की बऱ्याचशा जातात. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे चामडं हवेतलं पाणी पिऊन मऊ झालेलं असतं, तेव्हा या खुणा जास्त खोल उमटतात. दोन दिवस पंख्याखाली ठेवून मग शिवलेलं बरं. ती हवा चिझलला आणि सुयांनाही गंज चढवते, पण तो वेगळा विषय.

दोन्ही कव्हरांच्या कडा शिवून झाल्यावर बेव्हलरने (कडेचा कोन तासणाऱ्या अवजाराने) गोल केल्या, भिजवलेल्या कतिरा गोंदाचा हात दिला आणि लाकडाने घासल्या. प्रत्येकी पाऊण तास.

म्हणजे हाताच्या कव्हराला भोकं पाडण्याची चाळीस मिनिटं धरून साडेचार तासांच्या आसपास, मशीनच्या कव्हराला तीन-सव्वातीन. एकच वस्तू करायची असेल तर मशीनने वाचवलेला वेळ एवढाच. तीच दहा करायची असतील तर पंचवीस मिनिटांची जुळवाजुळव एकदाच होते आणि प्रत्येकी जवळपास पावणेदोन तास वाचतात. मशीन घ्यावी का, हा प्रश्न खरं तर "एकसारख्या किती वस्तू करणार" हा आहे. आणि टेबल ठेवायला ४ फूट बाय २० इंच जागा आहे का, हाही.

आता मजबुती. मशीनचा एक टाका तुटला की सगळी शिवण उसवते आणि हाताची कधीच नाही, हे वाक्य छंदवाल्यांच्या तोंडी असतं. २.६ मिमीचे दोन नमुने शिवून दोन्हींचा मधला एक टाका पात्याने कापला आणि थर बोटांनी फाकवले. हातशिलाईत कापलेल्या जागी एका बाजूचा दोरा गेला, पण दुसरा त्याच भोकांतून जात असल्याने फट जेमतेम दिसली. मशीनच्या शिवणीत दोन्हीकडचे तीन-तीन टाके सैल झाले आणि तिथेच थांबले, कारण बॉन्डेड दोरा घट्ट भोकात सहज सरकत नाही. तेच टोक सुईने उचकत राहिलो तर आणखी सुटतात. हातशिलाई सरस आहे यात शंका नाही, पण फरक "टिकतं" आणि "टिकत नाही" इतका मोठा नाही. दोरा तुटतो तो ताणाने क्वचित, घासून जास्त. बॅगेचे पट्टे जिथे जोडलेले असतात, पाकिटाचे कोपरे, पट्ट्याचं बक्कलजवळचं दुमडलेलं टोक, इथे दोन सुया. बॅगेच्या पोटाची लांब सरळ शिवण, अस्तर, चेनची पट्टी, इथे मशीन, आणि अपराधी वाटून घेण्याचं काही कारण नाही.

हाताने शिवलेलं म्हणजे दोन सुयांचंच, हेही खरं नाही. कोपऱ्यावरच्या चर्मकाराची आरी बघा. टोकाला आकडा असलेली आरी तो वरून टोचतो, खालचा दोरा आकड्यात धरून फासा वर ओढतो, दुसरं टोक त्या फाशातून काढून ताणतो. दोऱ्यांची रचना मशीनच्या टाक्यासारखीच, फक्त आकडा मधोमध बसवण्याचं काम टेन्शनच्या चकतीऐवजी त्याची बोटं करतात. भोक आणि टाका एकाच हालचालीत, बुटाच्या आत जिथे दुसरी सुई धरायला जागाच नसते तिथे. कोल्हापुरी चपलेचं तर आणखी वेगळं: तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवतात, खिळा नाही. दोऱ्याऐवजी वादी असल्यामुळे तिथे टाका मोजण्याचं माप, भोकाचा आकार, सगळंच बदलतं.

दोन्हींच्या मधला एक मार्गही उपयोगी पडतो. मशीनमधून दोरा काढून टाकायचा आणि नुसत्या सुईने ४ मिमीवर भोकं पाडत जायचं, मग हाताने शिवायचं. ठोकण्याचा आवाज जातो, अंतर एकसारखं येतं, भोकं काटकोनात पडतात. २२ नंबरच्या सुईच्या भोकातून ०.६ चा दोरा आणि चार नंबरची सुई जाते, शेवटची फेरी थोडी आवळ वाटते. छोटी सपाट पक्कड जवळ ठेवावी. मात्र मशीनच्या भोकांचा तिरपेपणा चिझलइतका नसतो, त्यामुळे टाके जास्त सरळ बसतात. कुणाला ते आवडत नाही.

मशीनच्या कव्हरावर पहिली झीज आठ महिन्यांनी दिसली, खालच्या उजव्या कोपऱ्यावर, जिथे ते पिशवीच्या तळाला टेकतं. वळणावरचा वरचा दोरा घासून तुटला होता आणि शेजारचे दोन टाके उचलले गेले होते. हाताच्या कव्हराच्या त्याच कोपऱ्यावर दोरा पिंजला आहे, तुटलेला नाही. दुरुस्ती सोपी: सैल दोरा दोन्हीकडे घट्ट टाक्यापर्यंत उसवला, ती टोकं मागे ओढून वितळवली, ०.६ चा दोरा ४० सेंटिमीटर कापला, आणि कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच भोकं धरून जुन्याच भोकांतून दोन सुयांनी शिवलं. दोन टोकांना दोन-दोन टाके जुन्या शिवणीवर चढवले. रंग जरा गडद आला आहे, कारण त्या छटेचा दोरा ०.६ मध्ये मिळाला नाही.